दोघांची क्रूझ आणि बंदरावर आपलं आपण फिरणं: पुण्याहून सतत येणारे प्रश्न

कोथरूड, वाकड, हडपसर, कुठून कुठून मेसेज येतात आणि निम्मे प्रश्न तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. सगळं दोघांच्या दृष्टीने लिहिलंय, म्हणजे नवरा-बायको, ग्रुप टूर नाही, आणि बंदरावर उतरल्यावर शक्यतो आपलं आपण फिरायचं असं धरून. माझं ठाम मत आधीच सांगते म्हणजे पुढची उत्तरं त्याच अंगाने वाचता येतील: बोट किती मजली आहे, किती पूल आहेत हे नंतर बघा, आधी बंदरं कुठली आणि प्रत्येक बंदरात किती तास ते बघा. व्हिसाचे नियम आणि दर बदलत राहतात त्यामुळे बुकिंग करताना ते ताजे तपासून घ्याच.

१. क्रूझच्या भाड्यात काय काय येतं आणि नंतर वरचे किती लागतात?

केबिन, बुफे आणि मेन डायनिंगमधलं जेवण, शो, पूल, जिम हे भाड्यात. पोर्ट चार्जेस आणि टॅक्स जाहिरातीतल्या आकड्यात धरलेत की नाही ते विचारा, बऱ्याचदा धरलेले नसतात. मग टिप्स, मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर माणशी रोज साधारण १५ ते २० डॉलर, म्हणजे दोघांचे आठवड्याचे अडीचशेच्या आसपास, आणि ते आपोआप बिलात लागतात. वायफाय, दारू, कोल्ड्रिंक, स्पेशल रेस्टॉरंट, स्पा वेगळे. एक गोष्ट जोडप्यांना नेमकी नडते, ती म्हणजे दारूचं पॅकेज एकाने घेतलं तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्या मोठ्या माणसानेही घ्यायलाच हवं असा बऱ्याच कंपन्यांचा नियम असतो. एकजण पिणारा आणि एकजण न पिणारा असेल तर सुट्टे पेग विकत घेणंच स्वस्त पडतं. भारतातून परदेशातलं पॅकेज घेतलंत तर वर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) कापतात, तो खर्च नाही, रिटर्न भरताना त्याचं क्रेडिट मिळतं, पण तेवढे पैसे तोपर्यंत अडकतात हे धरून चला.

२. पहिलीच वेळ आहे, मुंबईहूनच करावी का थेट बाहेरची?

तुम्हाला बोटीवर राहणं आवडतंय का एवढंच बघायचं असेल तर मुंबई-गोवा छान, पासपोर्ट लागत नाही, आधारवर होतं. पण बंदरावर स्वतः फिरायला तिथे वाव कमी आहे. बोट मुरगावला लागते, पणजी तिथून तीसेक किलोमीटर, ओला-उबर गोव्यात चालत नाही, गोवामाइल्स या तिथल्या टॅक्सीच्या अ‍ॅपवर गाडी मिळाली तर ठीक. चार-पाच तास असतील तर सरळ जवळच्या बोगमाळो बीचवर जाऊन या, उत्तर गोव्याचा नाद सोडा. लक्षद्वीपला तर भारतीयांनाही परमिट लागतं आणि तिथे कंपनी नेईल तसंच फिरायचं असतं. कोची मात्र मस्त आहे, हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रोने फोर्ट कोचीला जा, चिनी जाळी, मट्टनचेरीचा राजवाडा, १५६८ सालचं परदेशी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), हे सगळं पायी आणि रिक्षाने दोघांना आरामात होतं (सिनेगॉग शुक्रवार-शनिवार धरून जाऊ नका).

बाहेरची पहिली करायची तर मी सिंगापूरहून निघणारी तीन-चार रात्रींची सुचवते ज्यात मलेशियातलं पेनांग आहे. का ते प्रश्न ८ मध्ये.

३. बाल्कनीची केबिन घ्यावीच का?

रोज बंदर असेल तर नको. सकाळी सातला उतरायचं, संध्याकाळी यायचं, जेवायचं, झोपायचं, बाल्कनीत बसणार कधी? आतली केबिन घ्या आणि उरलेले पैसे बंदरांवर खर्च करा. समुद्रातले दिवस जास्त असतील, किंवा अलास्का-नॉर्वेसारखं बोटीतूनच बघायचं असेल तर बाल्कनी वसूल होते. बोट लागण्याची भीती असेल तर मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन बघा आणि "गॅरंटी" नावाची स्वस्त केबिन घेऊ नका, कारण त्यात खोली कुठली द्यायची ते कंपनी ठरवते. बुकिंग करताना डबल बेड हवा म्हणून नोंदवा, नाहीतर दोन वेगळ्या कॉटा लावून ठेवलेल्या असतात, सांगितलं की जोडून देतात पण तरी.

४. पुण्याहून मुंबईच्या बोटीवर त्याच दिवशी सकाळी निघून पोचता येईल का?

येतं, पण रेल्वेने आलात तर सकाळची गाडी पकडा. डेक्कन क्वीन सव्वासातला पुण्याहून निघते, साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटी, आणि तिथून बॅलार्ड पियर टॅक्सीने अगदी जवळ. गाडीने येत असाल तर एक्सप्रेसवेवरून पुढे अटल सेतू घ्या, शिवडीला उतरलात की ईस्टर्न फ्रीवेने थेट बंदराच्या बाजूलाच येता, शहरातली गर्दी लागत नाही. खरी अडचण घाटाची. शनिवारी सकाळी खंडाळ्यात एखादा ट्रक बंद पडला की दोन तास गेले, आणि चेक-इन बोट सुटायच्या तास-दीड तास आधी, कधी त्याहून आधीच बंद होतं.

परदेशातून बोट पकडायची असेल तर मात्र एक रात्र आधी त्या शहरात पोचाच, यात तडजोड नको. पुण्याहून थेट आंतरराष्ट्रीय फ्लाइट मोजक्या आहेत, बहुतेकांना मुंबई विमानतळ गाठावा लागतो, त्यात एक फ्लाइट लेट झाली की अख्खी सुट्टी गेली. आणि सामान हरवलं तर ते तुमच्या मागे बंदर बंदर फिरत राहतं.

५. व्हिसाचं नीट सांगा ना, बोटीवरच तर राहणार आहोत मग लागतोच का?

लागतो. आणि जिथे लोक फसतात ती गोष्ट म्हणजे मल्टिपल एंट्री. बोट सिंगापूरहून निघून मलेशियाला गेली की तुम्ही सिंगापूर सोडलंत, परत आलात की दुसरी एंट्री. सिंगापूरचा व्हिसा बहुतेकदा मल्टिपल मिळतो पण हातात आल्यावर वाचून बघा. दुबईहून मस्कतला जाऊन परत दुबईला येणारी क्रूझ असेल तर यूएईचा साधा सिंगल एंट्री टुरिस्ट व्हिसा चालत नाही, बोट ओमानला निघाली की तो संपला. थायलंड-मलेशियाने अलीकडे भारतीयांना व्हिसामाफी दिलीय पण ती कायमची धरू नका, शिवाय ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतंच.

युरोपचं थोडं सविस्तर. शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, त्याचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस त्या देशाकडे, दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्या देशाकडे. म्हणजे बार्सिलोनाहून निघालात आणि पुढची तीन बंदरं इटलीची असतील तर स्पेनकडे धावत जाऊ नका, आधी हिशोब करा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, कमीत कमी पंधरा दिवस आधी, पण मे-जूनची ट्रिप असेल तर अपॉइंटमेंट मिळणंच कठीण होतं त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत लागा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. बोट मध्येच माँटेनेग्रोतल्या कोतोरला किंवा तुर्कस्तानात कुशादासीला जात असेल तर ते शेंगेनच्या बाहेर, परत ग्रीस-इटलीत यायला मल्टिपल एंट्रीच हवी. वैध शेंगेन व्हिसावर माँटेनेग्रोत जाता येतं आणि तुर्कस्तानचा ई-व्हिसा काढता येतो, पण बोटीची कंपनी काय मागते ते लेखी विचारून ठेवा, चढू द्यायचं की नाही हे काउंटरवर तीच ठरवते.

६. नुकतंच लग्न झालंय, पासपोर्टवर माझं माहेरचं नाव आहे. चालेल का?

चालेल. तिकीट, व्हिसा, क्रूझ बुकिंग सगळं पासपोर्टवर जसं आहे तसंच करा, लग्नानंतरचं नाव कुठेच घालू नका. मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी सोबत असू द्या, व्हिसाच्या अर्जाला लागते. हनिमूनच्या आधी नाव बदलायला मुंढव्याच्या पासपोर्ट ऑफिसात धावपळ करायची काही गरज नाही, आल्यावर सावकाश करा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान सहा महिने वैध आहे ना ते दोघांचंही बघा.

७. बोटीची टूर घ्यायची की आपलं आपण फिरायचं? भीती वाटते.

दोघांनाच जायचं असेल तर बहुतेक बंदरांवर आपलं आपण जमतं. बोटीच्या टूरमध्ये माणशी पैसे, चाळीस माणसांची बस, त्यांच्या ठरलेल्या दुकानात थांबा, आणि सगळे बसमध्ये येईपर्यंत वाट बघणं. दोघं असलात की लोकल ट्रेनचं तिकीट काढलं की निघालात, एखादी गल्ली आवडली तर तिथेच तासभर रमता येतं, आणि खरं सांगायचं तर त्या तासासाठीच आपण गेलेलो असतो.

पण टूरचा एक फायदा खरा आहे आणि तो मोठा आहे. बोटीच्या टूरला उशीर झाला तर बोट थांबते किंवा तुम्हाला पुढे पोचवायची जबाबदारी कंपनी घेते, तुम्ही स्वतः गेलात तर नाही. म्हणून माझा नियम: बंदर गावातच असेल तर डोळे झाकून स्वतः, एक-दीड तासावर असेल आणि ट्रेन भरपूर असतील तर स्वतः पण वेळ राखून, दोन तासांच्या पुढे असेल तर बोटीची टूर घ्या नाहीतर बंदराजवळच फिरा. मध्यम मार्गही आहे, बोटीवर ओळख झालेल्या अजून एका जोडप्याला घेऊन चौघांत टॅक्सी करायची. टॅक्सी दोघांनाही तेवढीच आणि चौघांनाही तेवढीच.

८. बंदर गावापासून किती लांब आहे हे आधी कसं कळणार? ब्रोशरमध्ये तर "रोम" लिहिलेलं असतं.

अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. ब्रोशरवरचं नाव आणि बोट जिथे लागते ते गाव यात खूप फरक असतो. "रोम" म्हणजे चिवितावेक्किया, सत्तर-ऐंशी किलोमीटर. "फ्लॉरेन्स" म्हणजे लिव्होर्नो. "पॅरिस" म्हणजे ल हाव्र, जवळपास दोनशे किलोमीटर. "लंडन" म्हणजे साउथहॅम्प्टन, "बर्लिन" म्हणजे वार्नेम्युंडे आणि तिथून ट्रेनने तीनेक तास, "बँकॉक" म्हणजे लाएम चाबांग, "हो चि मिन्ह" म्हणजे फू माय. "व्हेनिस" तर आणखी वेगळं, ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना शहरातल्या कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे बऱ्याच क्रूझ राव्हेना किंवा त्रिएस्तेहून निघतात. म्हणून आयटिनररीत कंसात काय लिहिलंय ते वाचा, त्या धक्क्याचं नाव मॅपवर टाका आणि तिथून स्टेशन किंवा चौक किती लांब ते मोजा.

आता पायी फिरता येईल अशी, मला मनापासून आवडणारी बंदरं. पेनांगला बोट स्वेटनहॅम पियरला लागते, बाहेर पडलात की जॉर्जटाऊन समोर, २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेलं गाव, लिटल इंडिया चालत, फुकट फिरणारी सिटी बस आहे, पेनांग हिलला जायचं तर ग्रॅब (तिथलं टॅक्सीचं अ‍ॅप). मस्कतला धक्क्यावरून मुत्राहचा बाजार कॉर्निशवरून, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याने, चालत, दुकानदारांशी हिंदीत बोला बिनधास्त, फक्त दुपारी बाजार बंद असतो. सुलतान काबूस मशिदीत जायचं असेल तर आपल्यासाठी सकाळची आठ ते अकराचीच वेळ आहे, शुक्रवार सोडून, आणि बाईमाणसाने डोकं झाकायला ओढणी न्यायची. कोतोरला बोटीतून उतरलं की जुन्या गावाची तटबंदी समोरच, वर किल्ल्यापर्यंत १,३५० पायऱ्या आहेत, सिंहगड चढणाऱ्यांनी जरूर जावं, सकाळी उन्हाच्या आधी. नेपल्सला धक्का गावातच. पिरेअसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरावरून, मेट्रोच्या हिरव्या लाईनने अथेन्समधलं मोनास्तिराकी अर्ध्या तासाच्या आत, पण क्रूझ धक्क्यापासून मेट्रो स्टेशन बरंच चालायला आहे, बस किंवा टॅक्सी करा. दुब्रोव्हनिकला बोट ग्रूझला लागते, जुनं गाव तीन किलोमीटरवर, बस मिळते. बार्सिलोनाला धक्क्यावरून निळी बस कोलंबसच्या पुतळ्यापाशी सोडते, तिथून ला राम्बला सुरू.

९. "सकाळी ७ ते संध्याकाळी ७" म्हणजे बारा तास फिरायला मिळतात ना?

नाही, नऊ धरा. बोट सातला लागली तरी कागदपत्रं होऊन उतरायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि परत चढायची शेवटची वेळ सुटायच्या अर्धा ते एक तास आधी असते. त्याच्याही आधी तुमचा स्वतःचा राखीव वेळ, गावातल्या गावात असाल तर एक तास, ट्रेनने गेला असाल तर दोन.

जिथे धक्का नाही तिथे बोट समुद्रात नांगर टाकते आणि छोट्या टेंडर बोटीतून किनाऱ्यावर नेतात, तिथे जाता-येता रांगा लागतात. सँटोरिनी हे त्यातलं सगळ्यात अवघड. टेंडर जुन्या बंदरात सोडते, वरच्या "फिरा" नावाच्या गावात जायला केबल कार किंवा ५८८ पायऱ्या, खेचरांवर बसू नका अशी माझी विनंती आहे, त्या जनावरांचे हाल बघवत नाहीत. चार-पाच बोटी एकाच दिवशी आल्या तर केबल कारला तास तास रांग, म्हणून २०२५ पासून तिथे दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातलीय. परत येताना बरेच जण पायऱ्यांनी उतरतात, गुडघे बरे असतील तर तेच करा.

आणि घड्याळ! बोटीची वेळ आणि गावची वेळ वेगळी असू शकते. फुकेत सिंगापूरच्या एक तास मागे आहे, बोटीने घड्याळ सिंगापूरचंच ठेवलं असेल आणि तुमच्या मोबाईलने आपोआप थायलंडची वेळ घेतली तर तुम्ही निवांत साडेचारला शहाळं पीत बसाल आणि बोटीवर साडेपाच झालेले असतील. एकाच्या हातात साधं घड्याळ ठेवा, बोटीच्या वेळेवर लावलेलं.

१०. आणि बोट सुटलीच तर?

बोट थांबत नाही, खरंच नाही. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. बोटीवरून रोज जो कार्यक्रमाचा कागद मिळतो किंवा अ‍ॅपवर येतो त्यात त्या बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, उतरायच्या आधी त्याचा फोटो काढा, दोघांच्याही फोनमध्ये. उशीर होतोय असं दिसल्याबरोबर फोन करा. बऱ्याचदा केबिनच्या लॉकरमधले पासपोर्ट काढून बोटीचे लोक त्या एजंटकडे देऊन जातात, त्यामुळे आधी धक्क्यावरच जा, हॉटेल शोधू नका. पुढचं बंदर दुसऱ्या देशात असेल तर व्हिसाचा प्रश्न येतो, तो प्रश्न ५ मध्ये.

११. एखादा पूर्ण दिवस कसा आखायचा ते उदाहरण देऊन सांगाल का?

रोमचं सांगते, सगळ्यात जास्त त्याचंच विचारतात. समजा बोट ७ ते ७. साडेसातच्या आत खाली उतरायचं, त्यासाठी नाश्ता साडेसहाला. धक्क्यावरून पोर्टची शटल बस लार्गो देल्ला पाचेपर्यंत, तिथून पुढे बसने किंवा वीस-पंचवीस मिनिटं चालत स्टेशन. तिथे "बिर्ग" नावाचं दिवसाचं तिकीट मिळतं का विचारा, जाऊन-येऊन ट्रेन आणि रोममधली मेट्रो-बस सगळं त्यात येतं. ट्रेन तासाभराची. टर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनपर्यंत जाऊ नका, आधी सान पिएत्रो स्टेशनला उतरा, व्हॅटिकन तिथून चालत पंधरा मिनिटं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, दोघांचेही. मग नदी ओलांडून पियात्सा नाव्होना, पँथिऑन, त्रेव्हीचं कारंजं, हे सगळं चालतच होतं, वाटेत जेवण. कलोसियम आत जाऊन बघायचं असेल तर व्हॅटिकन म्युझियम सोडा, दोन्ही एका दिवसात केलं तर फक्त रांगा बघून याल. तीनच्या सुमाराला परतीची ट्रेन, साडेचारला चिवितावेक्किया, तरी हातात दोन तास. ते दोन तास वाया जात नाहीत, त्या गावाच्या किनाऱ्यावर जेलातो खात बसायला छान जागा आहे.

वार मात्र बघा. बुधवारी सकाळी पोपची सभा असते त्यामुळे बॅसिलिकाकडे गर्दी आणि प्रवेश उशिरा, रविवारी व्हॅटिकन म्युझियम बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). आणि इटलीत रेल्वेचा संप अधूनमधून असतो, आधी जाहीर होतो, जायच्या आठवड्यात बातम्या बघा. संप असेल तर त्या दिवशी बोटीची बस घ्या.

१२. तिकिटं आधी काढायची की तिथे गेल्यावर?

रोमचं कलोसियम, नेपल्सजवळचं पॉम्पेई, अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस, बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया, ही आधीच, अधिकृत साइटवरून, वेळेच्या स्लॉटसकट. पॉम्पेईला दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे आणि कलोसियमसारखंच तिकिटावर नाव असतं, पासपोर्टवरचंच घाला. स्लॉट बोट लागल्यापासून किमान तीन तासांनंतरचा घ्या. बाकी चर्च, बाजार, गल्ल्या यांना कशाला हवंय आधी काही. नेपल्सहून पॉम्पेईला जायला मेट्रोने गारिबाल्दी, तिथून चिर्कुमव्हेसुव्हियाना लोकल, पस्तीस-चाळीस मिनिटं. खिसे सांभाळा, आपल्या स्वारगेटला सांभाळतो तसेच.

१३. पासपोर्ट खाली घेऊन जायचा का?

बोट सांगेल तसं. काही प्रवासांत चढतानाच पासपोर्ट जमा करून घेतात, काही देशांत सोबत हवाच असतो, आदल्या रात्रीच्या कागदावर लिहिलेलं असतं. सक्ती नसेल तर केबिनच्या लॉकरमध्येच ठेवा, रंगीत झेरॉक्स, व्हिसाची कॉपी आणि फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र घ्या. बोटीचं कार्ड दोघांनी आपापलं ठेवा, एकाच पाकिटात दोन्ही नकोत.

१४. फोन आणि इंटरनेटचं काय?

बोटीवर पाय ठेवल्याबरोबर एअरप्लेन मोड. समुद्रात फोन बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते येत नाही, बिल बघून झोप उडते. बंदरावर ई-सिम वापरा, आणि मॅप आदल्या दिवशी ऑफलाइन उतरवून ठेवा, त्यात बोटीच्या धक्क्यावर खूण करून. दोघांच्याही फोनमध्ये. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते प्रत्येक गावात उतरताच ठरवा.

१५. आम्ही शाकाहारी, उपाशी राहणार का? घरून काय नेता येतं?

सिंगापूर, दुबई, मुंबईच्या बोटींवर आपली माणसं इतकी असतात की वरण-भात, पनीर मिळतंच. जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, चढल्यावर सांगून उशीर होतो. युरोपच्या बोटींवर पहिल्या रात्री हेड वेटरला भेटून सांगितलं की ते दुसऱ्या दिवसापासून वेगळं करून देतात.

घरी केलेलं, म्हणजे दशम्या, लाडू, गुळपोळ्या बहुतेक बोटी चढू देत नाहीत. कंपनीचं सीलबंद चालतं, त्यामुळे चितळ्यांची बाकरवडी, खाकरा, चटणीचं पाकीट न्या खुशाल. बुफेतली फळं-सँडविच खाली नेऊ नका, बऱ्याच देशांत दंड होतो.

बंदरावरचं जेवण हाच अर्धा आनंद असतो म्हणून थोडं सांगते. नेपल्सला पिझ्झा मरिनारा मागवा, नावावरून मासे वाटतात पण त्यात फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, चीजसुद्धा नाही. अगदी कडक शाकाहारी असाल तर पार्मेजान टाळा, त्यात दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट घातलेलं असतं. थायलंडमध्ये भाजीतही फिश सॉस घालतात, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात "जे" अशी पाटी असलेली दुकानं शोधा, तिथे कांदा-लसूणही नसतो, जैन मंडळींना ते फार सोयीचं. पेनांगला लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवा.

१६. मला बोट लागते. जाऊच नये का?

मोठ्या बोटीत इतकं हलत नाही जितकं आपल्याला मांडव्याच्या लाँचवरून वाटतं. सीझन बघा, पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, आपले कोळी लोक नारळी पौर्णिमेआधी होड्या काढत नाहीत ते काही उगाच नाही. मुंबईची क्रूझ ऑक्टोबर ते मेच्या मध्येच करा. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर उपयोग कमी, झोप येते आणि दारूबरोबर नको. आलेपाक जवळ ठेवा. केबिन कुठली घ्यायची ते प्रश्न ३ मध्ये आहे.

१७. काय नेऊ नये?

इस्त्री, केटल, राइस कुकर, सर्ज प्रोटेक्टरवालं एक्स्टेंशन. आगीच्या भीतीने काढून घेतात आणि उतरताना परत देतात.

१८. रिटायर झालोय, गुडघे दुखतात. आपलं आपण फिरणं जमेल का?

बंदर निवडून जमेल. टेंडर असलेली बंदरं टाळा, समुद्र हलत असताना त्या छोट्या बोटीत पाऊल टाकावं लागतं. सँटोरिनी, पॉम्पेईचे ओबडधोबड दगड, कोतोरच्या पायऱ्या नकोत (कोतोरचं खालचं गाव चालेल). पेनांग, मस्कत, बार्सिलोना उत्तम. इन्शुरन्समध्ये क्रूझ आणि बोटीवरून हॉस्पिटलला हलवण्याचा खर्च धरलाय का ते वाचा, बोटीवरचा डॉक्टर फार महाग असतो, आणि रोजच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या.

१९. ज्या बंदरासाठी बुक केलं तेच रद्द झालं तर पैसे परत मिळतात का?

क्रूझचे नाही, फक्त त्या बंदराचे पोर्ट चार्जेस आणि बोटीची टूर घेतली असेल तर तिचे. वारा, लाटा यामुळे कप्तान कधीही बंदर बदलू शकतो आणि करारात तसं लिहिलेलं असतं, सँटोरिनीसारख्या टेंडरच्या जागी हे जास्त होतं. म्हणून बाहेरची टूर किंवा टॅक्सी बुक करताना बोट आली नाही तर पूर्ण पैसे परत असं लिहिलेलीच घ्या.

२०. एकाला फिरायचंय, दुसऱ्याला बोटीवरच लोळायचंय. चालतं का?

चालतं की. उतरायची सक्ती नसते, क्वचित एखाद्या देशात सगळ्यांना इमिग्रेशनसाठी हजेरी लावावी लागते तेवढीच. आणि दुपारी बोट रिकामी असते, पूल मोकळा मिळतो. फक्त जाणाऱ्याने परतायची वेळ लिहून ठेवून जावं.

२१. प्रेग्नंट असताना चालेल का?

बहुतेक कंपन्या प्रवासात कधीही २४ वा आठवडा लागत असेल तर घेत नाहीत. मोजणी उतरण्याच्या तारखेला करतात, चढण्याच्या नाही. त्याच्या आतही डॉक्टरांचं पत्र लागतं.

२२. अलास्का सिएटलहून निघते, म्हणजे अमेरिकेतल्या अमेरिकेत. आमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, बास ना?

बास नाही. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी नोंदणीची बोट अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येत असेल तर मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावं लागतं, म्हणून सिएटलच्या बोटी बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, कधी रात्री काही तासच. तरी कॅनडाचा व्हिसा लागतो. तुम्ही तिथे उतरणार नसलात तरी. आणि अमेरिकेचा व्हिसा साधा व्हिजिटरचाच हवा, सी१/डी बोटीवरच्या कर्मचाऱ्यांचा असतो.

२३. मधल्याच एखाद्या बंदरावर कायमचं उतरून पुढे आपलं आपण जाता येईल का? गाव आवडलं तर?

मनात आलं म्हणून सामान घेऊन उतरता येत नाही. बोटीची प्रवासी यादी इमिग्रेशनकडे दिलेली असते, त्यामुळे काही आठवडे आधी कंपनीला लेखी कळवून परवानगी घ्यावी लागते, काही बंदरांवर स्थानिक नियमामुळे ती मिळतच नाही, आणि उरलेल्या रात्रींचे पैसे परत येत नाहीत. आधीच माहीत असेल तर उलटं करा. तेच गाव जिथे प्रवास संपतो अशी क्रूझ शोधा, आणि पुढचे तीन-चार दिवस तिथे राहा. बार्सिलोना, पिरेअस, सिंगापूर या तिन्ही ठिकाणी हे सहज जमतं, फक्त व्हिसाच्या अर्जात ते दिवस आणि हॉटेलचं बुकिंग दाखवा.